कातळजाईचे वाहन

टेम्पोला लावलेल्या फळ्यांवरून ते वाहन खाली उतरवले जात होते तेव्हा धाकलू झोरे समोरच्या बांधावर बसला होता. तो आमच्याकडे पाठ करून बसू शकला असता. ते त्याने केले नाही. आपण पाहतो आहोत हे आम्हाला कळावे, अशाच बेताने तो पाहत होता.

वाहनाला छप्पर नव्हते, दारे नव्हती. चार रुंद फुगीर चाके, घोड्यावर बसावे तसे दोन्हीकडे पाय टाकून बसायचे आसन, धरायला मोटारसायकलीसारखा दांडा आणि मागे ओझ्यासाठी लोखंडी जाळी. चिखल, वाळू, कातळ, चढण, कोठेही ते जाते, असे विकणाऱ्याने देवस्थानच्या विश्वस्तांना सांगितले होते. आणि कोठेही म्हणजे गावावरच्या कातळी पठारावर, आमच्या सड्यावरही, असे मी त्यांना पटवले होते.

चाके जमिनीला लागली तसा धाकलू बांधावरूनच म्हणाला, "भटजी, ह्याला शेपूट कुठं हाय?"

दोघेचौघे हसले. तो पुढे म्हणाला, "बिनशेपटाचं जनावर कडा चढत न्हाय. तोल कशानं सांभाळंल?"

"या जनावराला रुसता येत नाही," मी म्हणालो. "तेवढा गुण मला पुरे आहे."

मग कोणी हसले नाही. धाकलू उठला, घोंगडी झटकली आणि आपल्या मेंढरांमागे निघून गेला.

या बोलण्याचा संदर्भ आमच्या तळवाडीत लहानथोरांस ठाऊक होता. कातळजाईचे मूळ ठाणे वर सड्यावर आहे. वर्षभर तिची पंचधातूची मूर्ती खाली गावच्या देवळात असते आणि चैत्र पौर्णिमेला ती पालखीतून आपल्या ठाण्यावर जाते. पूजेचा अधिकार आम्हा जोगळेकरांचा. खांद्याचा अधिकार झोऱ्यांचा, आणि तो कोणी दिला हे सांगणारा कागद कोठेही नाही. पौर्णिमेपूर्वी नऊ दिवस पुजारी आणि खांदेकरी दोघेही केवळ दूध आणि कंदमुळे यांवर राहतात, जमिनीवर निजतात. ज्याने नऊ दिवसांचे हे व्रत केले नाही त्याने पालखीच्या दांडीला हात लावायचा नाही, हा नियम.

आदल्या वर्षी वाटेतल्या विसाव्याच्या दगडाशी मला धाकलूच्या मुलाच्या, म्हाळूच्या, अंगाला दारूचा वास आला. सगळ्या गावासमोर मी त्याला म्हणालो, "दांडी सोड. पिऊन आईला खांदा देतोस?" तो काही सांगू पाहत होता, मी त्याला बोलू दिले नाही. तेव्हा धाकलूने पालखी दगडावर टेकवली आणि आठही झोऱ्यांनी खांदे काढून घेतले. "सबूद मागं घे," एवढेच तो म्हणाला. चैत्राच्या उन्हात आई दोन तास त्या दगडावर बसून होती. शेवटी मी आईची क्षमा मागितली. म्हाळूची मागितली नाही, आणि हा भेद धाकलूने बरोबर ओळखला. पालखी उचलली गेली. पण त्या दिवसापासून आमच्यात बोलणे उरले ते असे, बांधावरून फेकलेले.

पुन्हा कोणी आईला वाटेत ओलीस ठेवू नये, असे मी विश्वस्तांना सांगितले. मनात काय होते ते आज, बारा वर्षांनी, वेगळे सांगायला नको.

वाहनासोबत एक इंग्रजी पुस्तिका आली होती. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती आठ दिवसांत वाचून काढली. गुरुगृही आम्हाला ग्रंथ वाचायचा जो क्रम शिकवला होता त्याच क्रमाने वाचली: आधी संज्ञा, मग सामान्य नियम, मग अपवाद. वेग पायाने वाढवायचा नसून उजव्या अंगठ्याने एक लहान कळ दाबून वाढवायचा. चढणीला खालचा गिअर घ्यायचा. कातळावर चारही चाकांना जोर द्यायचा असेल तर अमुक बटण दाबायचे. सर्व मला मुखोद्गत झाले. पूजा करून, हळदकुंकू लावून, धोतराचा काचा घट्ट मारून मी प्रथम बसलो तेव्हा मात्र माझ्या अंगठ्याने किंचित अधिक आदर दाखवला आणि ते वाहन देवळाच्या पारावर जाऊन थडकले.

पुढचा महिनाभर रोज सकाळी पूजा आटोपून मी सड्यावरच्या सपाटीवर जाऊ लागलो. चाकांत हवा भरपूर असावी या समजुतीने ती मी दगडासारखी कठीण करून घेतली होती. कातळावर वाहन मला पाखडल्यासारखे उडवू लागले. शेवटी महामार्गाच्या तिठ्यावर ज्याचे वेल्डिंगचे दुकान आहे त्या अय्याज मुजावरकडे ते नेले. त्याने चाकावर बोट टेकवले आणि डोक्याला हात लावला.

"शास्त्रीबुवा, अंगठा रुतला पाहिजे इतकी हवा कमी ठेवायची. चाकानं दगड धरायचा असतो, हाणायचा नसतो."

तेवढ्याने वाहनाचा स्वभाव पालटला. हळूहळू ते मला उमगू लागले. वळताना ज्या अंगाला वळायचे त्या अंगाला आपल्याला झुकावे लागते. चढताना पुढे, उतरताना मागे. बसणाऱ्याचे शरीर हाच त्याचा अर्धा तोल आहे. हे मी पाठ केले, आणि पाठ झाले म्हणजे समजले, असे धरून चाललो.

आता त्याला आईच्या योग्य करणे उरले होते. आसनाचे रेक्झिन मला सोवळ्यात चालणारे नव्हते. ते झाकायला मी बाजारातून लोकरीची काळी घोंगडी आणून शिवून घेतली. लोकर शुद्ध. दुसऱ्या दिवशी सड्यावर धाकलूने ती पाहिली. तो जवळ आला, घोंगडीची कड बोटांत धरून विणीचा अदमास घेतला.

"आमच्या लोकांनी इनलीय," तो म्हणाला. "आमची लोकर चालती. आमचा खांदा चालत न्हाय."

मी वाहन सुरू केले.

मागच्या जाळीवर आईचे आसन बसवायचे होते. त्याविषयी माझ्या दोन अटी होत्या. पहिली, आई वर जाताना गावाकडे पाठ करीत नाही. पालखीतही तिचे मुख मागे, गावाकडे असते. तेव्हा आसन मागे तोंड करून हवे. दुसरी, चालवणारा वर आणि आई खाली असे होता कामा नये. तिचे आसन माझ्या खांद्याच्या वर हवे. अय्याजने ऐकून घेतले, जमिनीवर खडूने वाहनाची बाजू काढली आणि मागच्या चाकाच्या बरोबर वर एक उभी रेघ ओढली.

"तोंड कुठंही करा, गाडीला त्याचं काही नाही. पण उंची नको. वजन जितकं वर, तितकी गाडी चढणीला मागं लोळणार. बुकात असेल बघा."

पुस्तिकेत होते. ओझे शक्य तितके खाली आणि पुढे ठेवावे, असे स्पष्ट लिहिले होते. पण तो मी सामान्य नियम मानला. गवताचे भारे, पाण्याचे डबे, कुंपणाचे खांब यांच्यासाठी तो होता. देवतेच्या आसनाचा विचार ते लिहिणाऱ्याच्या मनात असणे शक्य नव्हते, म्हणून तेथे अपवाद करण्यास वाव होता. जाळीवर ऐंशी किलो चालते. मूर्ती, प्रभावळ, सागवानी पाट आणि लोखंडी चौकट मिळून सत्तर भरत होते. मी अय्याजला हे अंकांसह समजावून दिले.

त्याने पायाने खडूची रेघ पुसली. मग म्हणाला, "आमच्याही घरात दर्ग्याची चादर उचलायचा मान हाय, बुवा. अदब काय असते ते मला सांगू नका. करून देतो." त्याने चौकट करून दिली, मूर्तीला धरणारे चार पट्टे बसवले, आणि मी न मागता वाहनाच्या नाकाशी तारेची विजेवर चालणारी चरखी बसवली. "अडलात तर पुढच्या झाडाला आकडा लावा. बटण दाबलं की गाडी स्वतःला ओढून घेते," तो म्हणाला. ती चरखी मला अपमानासारखी वाटली होती.

पौर्णिमेच्या दहा दिवस आधी मी परीक्षा घेतली. सत्तर किलो तांदळाची पोती आसनाच्या चौकटीवर बांधली आणि वाहन घेऊन निघालो. वाटेतली एकच जागा कठीण आहे. पालथा कातळ म्हणतात तिला. पालथ्या घातलेल्या परातीसारखा गुळगुळीत, उभा, साठ पावलांचा चढ. खालचा गिअर, चारही चाके, अंग पुढे. वाहन थांबले नाही, घसरले नाही. वर पोचून मागे पाहिले तर धाकलू एका खडकाला टेकून उभा होता.

"पोती आडवी निजत्यात, भटजी," तो म्हणाला. "आई उभी ऱ्हाती."

मला वाटले, मत्सर बोलतो आहे. त्याच दुपारी मी विश्वस्तांकडून जाहीर करवले की यंदापासून पालखीची गरज नाही. तो मान गेला की झोऱ्यांना गावच्या देवळात उभे राहण्यापुरतीही जागा उरत नव्हती, हे मला ठाऊक होते. जाहीर झाल्यावर आठांपैकी चार झोरे आपली मेंढरे घेऊन खालच्या मुलखात उतरले. धाकलू, म्हाळू आणि धाकलूचे दोन पुतणे मात्र राहिले, आणि त्यांनी नऊ दिवस दुधावर काढले. कशासाठी, हे कोणी विचारले नाही.

पौर्णिमेच्या सकाळी मी आईला पट्ट्यांनी बांधले, तिला मागे, गावाकडे मुख करून बसवले आणि वाहनावर चढलो. लोकांनी पंधरा पावले मागे राहावे असे मी बजावले होते. लोकांच्याही पुढे, माझ्या बरोबर मागे, ते चौघे अनवाणी चालत होते. त्यांच्या खांद्यावर रिकामी पालखी होती.

रिकामी पालखी घेऊन चालणे म्हणजे प्रेतयात्रेची नक्कल, असे मी मानले. विसाव्याच्या दगडापर्यंतची वाट अजून अर्ध्याहून अधिक होती आणि पालथा कातळ समोर आला होता. मी खालचा गिअर घेतला, बटण दाबले, अंग पुढे झुकवले आणि अंगठ्याने कळ दाबली.

निम्मा चढ होईपर्यंत सर्व ठीक होते. मग दांडा हातात हलका झाला. ज्या दांड्याला वळवायला महिनाभर बळ लावले होते तो पिसासारखा हलका झाला, आणि मी खाली पाहिले तो पुढची दोन्ही चाके कातळापासून वीतभर वर होती. माझ्यामागे आईची प्रभावळ चौकटीवर कण्हल्यासारखी करकरली. चाके हातभर वर गेली. मी अंगठा सोडला, ब्रेक आवळला. वाहन थांबले, पण मागे कलण्याचे थांबले नाही. माझ्या मनात एकच होते, उडी टाकून मूर्ती कवेत घ्यावी. मी एक पाय उचललाही.

"भटा, उतरू नगंस."

आवाज अगदी माझ्या पाठीशी होता. धाकलूने पालखी पुतण्यांवर सोडून चौकटीच्या खालच्या दांडीला आपला उजवा खांदा दिला होता. तो ओरडला नव्हता. मेंढराला वळवताना माणूस बोलतो तसे बोलला.

"तू उतरलास तर फुडं वजन ऱ्हात न्हाय. आमी समदे खाली, आई वर. दांड्यावर निज. निज म्हनतो."

मी दांड्यावर उरोभाग टाकून निजलो. नाकाला पेट्रोलचा वास, गालाला तापलेले लोखंड. मागे काय चालले आहे ते मला दिसत नव्हते; ऐकू येत होते. म्हाळू चाकांमागे धोंडे ठोकत होता. मग तो माझ्या शेजारून वर धावला, चरखीची तार ओढत, आणि कातळाच्या माथ्यावरच्या ऐनाच्या झाडाला त्याने आकडा अडकवला. मी बटण दाबले. तार ताणली गेली आणि पुढची चाके इंचाइंचाने खाली येऊ लागली. ती टेकली तेव्हा चौकटीने मागे एक हिसका दिला. काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो यंत्राचा असावा असे मला वाटले.

चरखीने वाहन माथ्यावर ओढून घेतल्यावर मी उतरलो. आई पट्ट्यांत सुखरूप होती. प्रभावळीचे एक टोक वाकले होते. धाकलू कातळावर बसला होता. त्याचा उजवा हात मांडीवर एखाद्या परक्या वस्तूसारखा पडला होता आणि गळ्याखालचे हाड कातडीला आतून टोचत होते. मी त्याच्याकडे गेलो. त्याने डाव्या हाताने मला बाजूला केले.

"आईला उनात ठिवू नगं. पालखीत घाल."

मी पट्टे सोडले, आईला पालखीत बसवले. तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले की खांदे तीनच आहेत. गावातले दोनतीन तरणे पुढे झाले. धाकलूने मान हलवली.

"नऊ दिस उपाशी कोन हाय हितं?"

पुढे आलेले तरणे मागे सरले.

"भटजी हाय," तो म्हणाला. मला वाटले, या वेळीही तो थट्टा करतो आहे. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, दया तर नव्हतीच. "खांदा मऊ आसंल. पर उपाशी हाय. मान माजा हाय, मी दील त्याला. दांडी धर, भटा."

मी दांडी धरली. धाकलूची जागा मागची, उजवीकडची. तीस वर्षे पुजारी म्हणून मी पालखीपुढे निरांजन घेऊन चाललो होतो. चढणीवर आईचे मुख मी कधी पाहिले नव्हते. ती मागे पाहते. मागच्या खांद्यांना ती वाटभर हातभर अंतरावरून पाहत असते.

पुढून म्हाळू सांगत होता, "धोंडा... मूळ... उजवी निसरडी." मला सांगायचे म्हणून नव्हे, तशी रीत आहे म्हणून. चढ आला की पुढच्यांनी गुडघ्यांत वाकायचे आणि मागच्यांनी दांडी खांद्यावरून उचलून हातांवर तोलायची, म्हणजे आईचे आसन पाण्यासारखे सपाट राहते. ते पुस्तिकेत नव्हते. शंभर पावलांत माझ्या खांद्याची सालटी निघाली. दोनशेंत तो सुजून कानापर्यंत ठणकू लागला.

विसाव्याच्या दगडाशी पालखी टेकली. म्हाळूने कमरेची बाटली काढून आधी चुलतभावांचे खांदे चोळले. मग तो माझ्या मागे आला, उपरणे बाजूला सारले आणि तळहातभर द्रव माझ्या सुजेवर थापला. अंगात आग उतरली. आणि वास आला.

भट्टीची दारू. तिच्यात कापूर घोटलेला.

तोच दगड होता, तोच वास.

"म्हाळू," मी म्हणालो, "गेल्या वर्षी तू..."

"हात वर करा," तो म्हणाला आणि चोळत राहिला.

सड्यावरच्या ठाण्यात मी आईला बसवले. गाभारा लहान, बिनखिडकीचा. धूप घातला तरी माझ्या अंगाचा वास त्यावर चढून राहिला. तो दारापर्यंत गेला असणार. मी आरतीचे तबक उचलले. उंबऱ्याशी धाकलू उभा होता, पागोट्याच्या झोळीत हात घेऊन, चालत वर आलेला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"भटजी," तो म्हणाला, "दारूचा वास येतोय."

सगळा जमाव ऐकत होता. मी तबक खाली ठेवले.

"म्हाळू प्यालेला नव्हता," मी म्हणालो.

"आईला ठाव हाय ते. तिला कशापायी सांगतोस?"

मी गाभाऱ्यातून बाहेर आलो. आईकडे पाठ होते म्हणून एरवी आम्ही असे उभे राहत नाही. मी उभा राहिलो आणि गावाला तेच वाक्य पुन्हा सांगितले. म्हाळूचे नाव घेऊन त्याची क्षमा मागितली. म्हाळू जमिनीकडे पाहत होता. धाकलूने मान डोलावली, जणू मेंढरे मोजून पुरी भरली. मग तो म्हणाला, "आरती कर. उशीर झालाय." या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही, आणि मला क्षमा केली असेही त्याने कधी भासू दिले नाही.

त्याचे हाड जुळले, पण खांदा उतरला तो उतरलाच. दुसऱ्या वर्षी मी वाहन अय्याजकडे नेले. त्याने उंच चौकट कापून टाकली आणि जाळीवर, चाकांच्या लगत, एक बुटके आसन बसवले. घोंगडी त्यावर घातली. तोंड मागे. तेव्हापासून पौर्णिमेला म्हाळू ते वाहन चालवतो आणि धाकलू त्यावर बसून, गावाकडे मुख करून, पालखीच्या पुढे वर जातो. पालखीच्या मागे उजवीकडे, त्याच्या जागेवर, वयाने थकेपर्यंत, नऊ वर्षे माझा खांदा होता. वाटभर तो माझ्यावर नजर ठेवून असे. "भटजी, दांडी पडली." "भटजी, पाय बघ, आकाश नगं बघूस." एकही चूक त्याने सोडली नाही.

त्या नऊ वर्षांतल्या शेवटच्या वर्षी पालथ्या कातळाच्या पायथ्याशी ते वाहन बंद पडले. वाट अरुंद, पालखी त्याला ओलांडून जाऊ शकत नव्हती, आणि तेथे टेकवायला दगड नव्हता. म्हाळू यंत्राशी खटपट करीत होता. ऊन चढत होते. धाकलू आपल्या बुटक्या आसनावर आरामात मांडी घालून बसला होता, माझ्याकडे तोंड करून.

"भटजी," तो म्हणाला, "जनावर रुसलं."

मी आईकडे पाहिले, दांडी खांद्यावर नीट घेतली आणि उभा राहिलो. किती वेळ, ते मोजले नाही.